निक पार्क यांची कारकीर्द : इतक्या कमी चित्रपटांवर विनोदी ॲनिमेशनकाराचे आयुष्य कसे उभे राहते?

इंद्रायणीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी मुंबईतील एका ॲनिमेशन स्टुडिओत काम करते. लहान मुलांसाठीच्या विनोदी मालिकांचे भाग आम्ही संगणकावर तयार करतो आणि ते ठरलेल्या तारखेला वाहिनीकडे पोहोचवावे लागतात, त्यामुळे एखाद्या विनोदावर दोन दिवस विचार करण्याची मुभा क्वचितच मिळते. कामाबद्दल माझी तक्रार नाही, कारण या कामातून मी पुष्कळ शिकले. परंतु स्वतःचा एक छोटा विनोदी चित्रपट करावा, तोही मातीच्या बाहुल्यांचा, असे बरेच दिवस मनात आहे आणि त्या निमित्ताने मी निक पार्क यांचे सगळे काम पुन्हा क्रमाने पाहायला घेतले आहे.

पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. वॉलेस हा चीजवेडा संशोधक आणि ग्रोमिट हा त्याचा अबोल कुत्रा ही जोडी जगभर ओळखली जाते, पण १९८९पासून २०२४पर्यंत त्यांचे चित्रपट अवघे सहाच आले, आणि त्यांतले चार तर अर्ध्या तासाचे किंवा त्याहूनही लहान आहेत. त्यांत 'क्रिएचर कम्फर्ट्स', 'चिकन रन' आणि 'अर्ली मॅन' मिळवले तरी पार्क यांनी दिग्दर्शित केलेली प्रमुख कामे नऊच्या पुढे जात नाहीत. 'अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ' २००८मध्ये आला आणि या जोडीचा पुढचा चित्रपट थेट २०२४मध्ये. आपल्याकडे एखादा दिग्दर्शक इतका काळ दिसेनासा झाला, तर लोक त्याला विसरून जातात.

जाणकारांना मला असे विचारायचे आहे की ही कारकीर्द नेमकी कशावर उभी राहिली? पहिल्या चित्रपटाच्या आधीची वर्षे त्यांनी कशी काढली? आणि इतक्या संथपणे तयार होणारा विनोद पडद्यावर इतका ताजा कसा राहतो? हे समजले तर माझ्या स्वतःच्या बेताविषयी मला काही ठरवता येईल.

---

चौकट

तुम्ही पहिल्या चित्रपटाच्या आधीच्या वर्षांविषयी विचारले हे फार चांगले केले, कारण पार्क यांच्याविषयीच्या लेखांत बहुधा ऑस्करांची यादी येते आणि ही वर्षे दोन ओळींत संपवली जातात.

त्यांचा जन्म १९५८चा, उत्तर इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या प्रेस्टन गावचा. वडील छायाचित्रकार होते, आई शिवणकाम करीत असे. घरात पाच भावंडे. वडिलांना वस्तू स्वतः बनवण्याचा नाद होता. त्यांनी सहलीसाठी एक फिरते घर स्वतःच्या हातांनी उभारले होते आणि त्याच्या आतल्या भिंतींना घरातल्यासारखा वॉलपेपर लावला होता. 'अ ग्रँड डे आउट'मध्ये वॉलेस तळघरात अग्निबाण बांधतो, त्याला आतून वॉलपेपर लावतो आणि आरामखुर्चीत बसून चंद्रावर जातो, तो प्रसंग हे माहीत झाल्यावर पुन्हा पाहा. तो विनोद कुठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही. आईच्या हौशी कॅमेऱ्यावर किशोरवयातच त्यांनी चित्रपट करायला सुरुवात केली आणि १९७५मध्ये, शाळकरी वयातच, त्यांचा एक लघुपट बीबीसीवर दाखवला गेला.

शेफील्डमध्ये पदवी घेतल्यानंतर ते बीकन्सफील्ड येथील नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये दाखल झाले. तिथे १९८२मध्ये पदविकेचा प्रकल्प म्हणून त्यांनी 'अ ग्रँड डे आउट' सुरू केला. प्लॅस्टिसिन ही बाहुल्यांची न वाळणारी माती बनवणाऱ्या कारखान्याला पत्र लिहून त्यांनी टनभर माल मागवला होता आणि त्यातल्या दगडी रंगाच्या गोळ्यांपासून ग्रोमिट घडला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. वॉलेसच्या आवाजासाठी त्यांनी पीटर सॅलिस या नामांकित नटाला पत्र लिहिले, आणि सॅलिस यांनी केवळ ५० पौंडांच्या मोबदल्यात, तीही रक्कम आपल्या आवडीच्या धर्मादाय संस्थेला द्यावी असे सांगून, १९८३मध्ये विद्यार्थ्यासाठी आवाज ध्वनिमुद्रित केला. त्यानंतर चित्रपट पुरा व्हायला सहा वर्षे गेली. एका माणसाने एकट्याने बाहुल्या हलवायच्या, प्रकाशयोजना करायची आणि कॅमेराही सांभाळायचा म्हटल्यावर दुसरे काय होणार?

माझ्या मते या कारकिर्दीचा कणा म्हणजे १९८५ची घटना. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचे संस्थापक पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन यांनी पार्क यांना नोकरीवर घेतले, आणि अपुरा चित्रपट तिथेच बसून पूर्ण करण्याची सोयही दिली. म्हणजे दिवसाचे काम स्टुडिओचे आणि उरलेला वेळ स्वतःच्या चित्रपटाचा. त्या काळात आर्डमनचे पोट जाहिराती, मुलांच्या कार्यक्रमांतील छोटे तुकडे आणि संगीत-व्हिडिओ यांवर चालत असे. पीटर गॅब्रिएल यांच्या १९८६च्या 'स्लेजहॅमर' या गाण्याच्या व्हिडिओत सोललेल्या कोंबड्या नाचतात, त्या नाचवण्याचे काम पार्क यांनी केले होते. तापलेल्या दिव्यांखाली खऱ्या कोंबड्या एकेका चौकटीसाठी, म्हणजे चित्रफितीतल्या एकेका चित्रासाठी, हलवत बसणे हे काही सुखाचे काम नव्हे, पण नृत्याचा ठेका पायांतून कसा दाखवायचा याची ती उत्तम तालीम होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की पहिली सात वर्षे ते अपुऱ्या चित्रपटाबरोबर जगले, आणि तो अपुरा चित्रपटच त्यांना योग्य स्टुडिओत घेऊन गेला.

---

पिंपळपार

चौकट यांनी सुरुवातीच्या वर्षांविषयी नेमके लिहिले आहे. मी विनोदाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. मी ॲनिमेशन शिकवतो आणि 'द राँग ट्राउझर्स' हा १९९३चा चित्रपट दर वर्षी वर्गात थांबवून-थांबवून दाखवतो.

सर्वप्रथम ग्रोमिटचा चेहरा पाहा. त्याला तोंडच नाही. मूळ कल्पनेत तो बोलणार होता आणि त्यासाठी आवाजही ठरला होता, परंतु प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर पार्क यांच्या लक्षात आले की केवळ कपाळाची मातीची पट्टी किंचित वर-खाली केली की मनातले सगळे दिसते. मग त्यांनी आवाज काढून टाकला. व्यावहारिकदृष्ट्या हा मोठा फायदा होता, कारण बोलणाऱ्या मातीच्या पात्राचे ओठ दर अक्षराला बदलावे लागतात. पण खरा लाभ विनोदाचा झाला. वॉलेस सतत बडबडतो, त्याला काहीच कळत नाही, आणि ज्याला सगळे कळते त्या ग्रोमिटला बोलता येत नाही. प्रेक्षक आपोआप ग्रोमिटच्या बाजूला जाऊन बसतो. जोडीचा हा सांधा एकदा जुळल्यावर गोष्ट चंद्रावरची असो, लोकरीच्या दुकानातली असो की भाज्यांच्या स्पर्धेची, ती आपल्या अंगच्या बळावर चालते.

बाहुलीचे डोळे कसे हलवतात, तेही सांगतो. डोळा म्हणजे एक पांढरा मणी असतो आणि त्याच्या काळ्या बुबुळात बारीक भोक असते. त्या भोकात टाचणीचे टोक घालून मणी केसभर फिरवायचा, हात बाजूला घ्यायचा, एक चौकट टिपायची आणि पुन्हा टाचणी. 'द राँग ट्राउझर्स'मध्ये भाडेकरू पेंग्विन घरात आल्यावर ग्रोमिट वर्तमानपत्राआडून त्याच्याकडे पाहतो तेव्हा फक्त नजर सरकते, भुवई अर्ध्यावर येऊन थांबते, आणि मग काही क्षण काहीच घडत नाही. तिथे प्रेक्षागृह हसते. संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वारंवार सांगतो की त्या थांबण्याकडे नीट पाहा. संगणकावर पात्र स्थिर ठेवायची आपल्याला भीती वाटते, म्हणून आपण त्याला सारखे काहीतरी करायला लावतो. मातीच्या कामात प्रत्येक हालचालीची किंमत हाताने मोजावी लागते, म्हणून अनावश्यक हालचाल आपोआप गळून पडते.

फेदर्स मॅकग्रॉ हा पेंग्विन तर त्याहून पुढचा. दोन काळे मणी, एक चोच, आणि वेषांतर म्हणून डोक्यावर चढवलेला लाल रबरी हातमोजा. त्याला चेहऱ्यावर भाव दाखवण्याची कोणतीच सोय नाही, तरी तो मराठी घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही धोकादायक वाटतो. ही किमया प्रकाशयोजना, कॅमेऱ्याची उंची आणि संगीत यांची आहे. जुन्या रहस्यपटांत खलनायकाच्या आगमनाला जे गांभीर्य दिले जाते ते सगळे पार्क यांनी वीतभर उंचीच्या पेंग्विनला मनापासून दिले, आणि दृश्याच्या आत कोणीही हसत नाही. म्हणूनच आपण हसतो.

शेवटी आगगाडीचा पाठलाग. खेळण्यातल्या गाडीवर बसलेल्या ग्रोमिटसमोरचे रूळ संपतात, तेव्हा तो हाताशी आलेल्या खोक्यातून रुळांचे तुकडे काढून धावत्या गाडीपुढे एकामागून एक टाकत जातो. वेगाचा भास व्हावा म्हणून कॅमेरा आणि पात्रे एकत्र सरकवली जात आणि चौकट टिपताना कॅमेऱ्याचे शटर जास्त वेळ उघडे ठेवले जाई, त्यामुळे मागचा वॉलपेपर पुसट होतो आणि ग्रोमिट स्पष्ट राहतो. पडद्यावरचे हे दृश्य क्षणात संपते, आणि त्यामागे आठवडे गेलेले असतात. आकडेमोड करून पाहा : सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर अर्ध्या तासाच्या चित्रपटाला ४३,२०० चौकटी लागतात, आणि प्रत्येक ठेवण दोन चौकटींसाठी वापरली तरी २१,६०० वेळा बाहुलीला हात लावावा लागतो. एका ॲनिमेटरचा एका दिवसाचा उतारा बहुधा काही सेकंदांच्या पलीकडे जात नाही.

याच कारणाने सेटवर जाऊन विनोद शोधता येत नाही. तो आधी कागदावर, मग कथाफलकाच्या चित्रांवर आणि त्या चित्रांना कच्चा आवाज लावून केलेल्या जुळणीवर पक्का व्हावा लागतो. तुम्ही संथपणाविषयी विचारले आहे, पण माझ्या मते पार्क यांच्या कारकिर्दीतला बराच काळ चित्रीकरणाने खाल्लेला नाही. तो विनोद पारखण्यात गेला आहे. २००८ आणि २०२४ यांच्यामधल्या अंतरात त्यांनी 'अर्ली मॅन' केला, आणि फेदर्सला परत आणण्याजोगी गोष्ट मिळेपर्यंत त्याला परत आणले नाही. २०२४च्या चित्रपटाच्या अखेरीस कालव्यातल्या अरुंद नौकांचा पाठलाग आहे. त्या नौका माणसाच्या चालीने जातात, आणि पाठलागाचे सगळे नियम मात्र काटेकोरपणे पाळले जातात. आगगाडीचा पाठलाग ज्यांनी केला त्यांनीच तीस वर्षांनंतर असा पाठलाग लिहावा, यात मला फार मोठी प्रगल्भता दिसते.

---

कोकणकडा

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले. एक मुद्दा मात्र राहतो आहे, तो 'क्रिएचर कम्फर्ट्स'चा. १९८९चा हा पाच मिनिटांचा चित्रपट चॅनल फोरसाठी केला होता. ब्रिस्टलमधल्या सामान्य माणसांना त्यांच्या राहत्या जागेविषयी प्रश्न विचारून त्यांची उत्तरे ध्वनिमुद्रित केली आणि ती प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घातली. ब्राझीलहून आलेल्या एका विद्यार्थ्याने इंग्लंडची थंडी, लहान खोली आणि जेवण यांविषयी केलेली तक्रार पिंजऱ्यातल्या प्यूमाच्या तोंडी येते, तेव्हा हसू येते आणि त्याच वेळी त्या मुलाचे एकटेपणही कळते. खऱ्या माणसांच्या बोलण्यावर ॲनिमेशन करण्याची कल्पना लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांनी आधीच राबवली होती, पार्क यांनी तिला विनोदाचे वळण दिले. १९९१च्या ऑस्कर सोहळ्यात लघुपटांच्या गटात 'क्रिएचर कम्फर्ट्स' आणि 'अ ग्रँड डे आउट' हे त्यांचे दोन्ही चित्रपट एकमेकांसमोर होते, आणि सात वर्षे खपून केलेल्या चित्रपटाऐवजी हा छोटा चित्रपट जिंकला.

त्यातूनच पुढे विजेच्या हीटरांच्या जाहिरातींची मालिका निघाली, आणि ब्रिटनमधल्या पुष्कळ लोकांनी पार्क यांचे प्राणी पहिल्यांदा पाहिले ते त्या जाहिरातींत. जाहिरातीचे काम हलके मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

---

सह्यवारा

माझे थोडे वेगळे मत नोंदवतो. निक पार्क यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे, पण ही कारकीर्द एकट्या प्रतिभावंताची म्हणून सांगितली की इंद्रायणीकाठ यांना जे हवे आहे ते उत्तर हाती लागत नाही. ती संस्थेची गोष्ट आहे. 'द राँग ट्राउझर्स'पासून पटकथालेखनाला बॉब बेकर आले, संगीत पहिल्यापासून ज्युलियन नॉट यांचे, 'चिकन रन'च्या दिग्दर्शनात पीटर लॉर्ड बरोबरीने, 'द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट'मध्ये स्टीव्ह बॉक्स, आणि २०२४च्या चित्रपटात मर्लिन क्रॉसिंगहॅम. पूर्ण लांबीचा चित्रपट त्यांनी एकट्याने दिग्दर्शित केला तो एकच, २०१८चा 'अर्ली मॅन', आणि तिकीटबारीवर तोच पडला. अश्मयुगातल्या लोकांनी फुटबॉल खेळण्याची ती कल्पना मला अजूनही आवडते, परंतु त्यात वॉलेस-ग्रोमिटसारखी जोडी नाही. नायक आणि त्याची टोळी एकाच दिशेने विचार करतात, त्यामुळे घर्षण कमी पडते. एकट्याने केल्यामुळे तो पडला असे मी म्हणत नाही, पण बरोबरीच्या माणसाशी होणारी वादावादी विनोदाला उपयोगी पडते असे मला वाटते.

दुसरी बाब पैशाची. १९९९मध्ये आर्डमनने ड्रीमवर्क्स या अमेरिकी कंपनीशी अनेक चित्रपटांचा मोठा करार केला. २०००मध्ये आलेल्या 'चिकन रन'ने जगभरात साडेबावीस कोटी डॉलरांच्या आसपास कमाई केली, आणि स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुल्या चौकटीगणिक हलवून केलेल्या, चित्रपटांत त्याच्याइतकी कमाई अजून दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने केलेली नाही. २००५च्या 'वेअर-रॅबिट'ला ऑस्कर मिळाले, ते पार्क यांचे चौथे. तरीही २००७च्या आरंभी करार संपला. अमेरिकी बाजारपेठेला रुचेल असा वेग आणि बोली हवी असा आग्रह एका बाजूने, आणि वेन्सलीडेल चीज, भाज्यांच्या स्पर्धा व चहाची किटली असलेले उत्तर इंग्लंड जसेच्या तसे राखण्याची ओढ दुसऱ्या बाजूने, अशी ती ओढाताण होती. करारातला शेवटचा चित्रपट 'फ्लश्ड अवे' संगणकावर केला गेला होता आणि त्यात ड्रीमवर्क्सचे मोठे नुकसान झाले.

त्यानंतर पार्क यांनी जे केले ते मला सर्वांत बोलके वाटते. दोन मोठे चित्रपट यशस्वी झालेला दिग्दर्शक तिसऱ्या मोठ्या चित्रपटाकडे धावला असता. पार्क परत अर्ध्या तासाच्या लांबीकडे आणि बीबीसीकडे गेले. 'अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ' २००८च्या नाताळच्या दिवशी दाखवला गेला आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर सर्वाधिक पाहिला गेलेला कार्यक्रम तोच ठरला. 'आपल्या विनोदाची लांबी किती' हे ज्याला ठाऊक आहे अशा माणसाचा तो निर्णय होता.

आणि संस्थेची गोष्ट म्हणून आणखी एक. मधल्या सोळा वर्षांत आर्डमनला 'शॉन द शीप'ने तगवले. शॉन हे कोकरू १९९५च्या 'अ क्लोज शेव्ह'मध्ये दुय्यम पात्र म्हणून आले, २००७पासून त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली, आणि तीत संवाद नसल्यामुळे ती कोणत्याही देशात भाषांतराशिवाय चालते. मालिका दुसऱ्या दिग्दर्शकांनी सांभाळली. पार्क यांनी निर्माण केलेले पात्र स्टुडिओचे घर चालवत राहिले, म्हणून स्टुडिओला पार्क यांची वाट पाहता आली. २०१८मध्ये लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांनी कंपनीची बहुसंख्य मालकी कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त निधीकडे सोपवली, तीही कोणा मोठ्या कंपनीने स्टुडिओ गिळू नये म्हणूनच.

---

पिंपळपार

सह्यवारा, संस्थेविषयी आपण लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. 'अर्ली मॅन'बाबत मात्र एक सांगावेसे वाटते. त्यातही बोलणाऱ्यांच्या गर्दीत एक न बोलणारे पात्र आहे, नायकाचे पाळीव रानडुक्कर हॉगनॉब, आणि त्याचे गुरगुरणे स्वतः पार्क यांनी केले आहे. चित्रपटातली सर्वांत मोकळे हशे त्याच्याच दृश्यांत येतात. म्हणजे हाताला सवय कसली आहे ते तिथेही दिसते.

---

जुनी गढी

आपल्याकडच्या कामाचा उल्लेख इथे करणे योग्य होईल. 'शॉन द शीप' मालिकेवर काम केलेले धीमंत व्यास हे भारतीय ॲनिमेटर आहेत, आणि 'तारे जमीन पर'च्या शीर्षकदृश्यांतले क्ले ॲनिमेशन त्यांचे आहे. ते अनेकांनी नाव न जाणता पाहिले असेल. मुंबईत सुरेश एरियट यांच्या स्टुडिओ ईकसॉरसने 'टोकरी' हा स्टॉप-मोशन लघुपट केला. मुंबईच्या रस्त्यावर टोपल्या विकू पाहणाऱ्या लहान मुलीची ती गोष्ट आहे, आणि जाहिरातींच्या कामांतून वेळ काढत तो कित्येक वर्षे चालला होता. तो विनोदी नाही, पण रस्त्यावरच्या सिग्नलपाशी गाडीच्या काचेवर टकटक करणारी बाहुली पाहिली की आपल्या शहरातही हे काम होऊ शकते याची खात्री पटते. इंद्रायणीकाठ, आपण मुंबईतच आहात, तेव्हा तो अवश्य पाहा.

---

इंद्रायणीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पार्क यांनी जाहिरातींचे आणि स्वतःचे काम एकाच छपराखाली केले हे मला नेमके माहीत नव्हते, आणि त्यामुळे माझ्या मनातली एक मोठी गाठ सुटली. नोकरी सोडल्याखेरीज स्वतःचा चित्रपट होणार नाही असे मी धरून चालले होते.

आता एक शेवटची शंका. माझ्याकडे गोष्ट आहे : एका चाळीतले पाण्याचे पिंप आणि त्यावरून भांडणारी दोन म्हातारी भावंडे. परंतु बाहुल्या घडवणे, सांगाडे तयार करणे, दिवे, सेट या सगळ्याचा विचार केला की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. पार्क यांच्या कामावरून आपण मला कोणती पहिली पायरी सुचवाल?

---

चौकट

ताई, गोष्ट छान आहे आणि तिच्यात जोडी आहे, हे महत्त्वाचे. माझी सूचना अशी की पिंपाचा चित्रपट तूर्त बाजूला ठेवा आणि त्याआधी 'क्रिएचर कम्फर्ट्स'च्या मार्गाने एक मिनिटाचे काम करा. ज्या चाळीवरून गोष्ट सुचली तिथल्या दोन वयस्क माणसांना त्यांच्या परवानगीने पाण्याविषयी बोलते करा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण घ्या. काय विचारायचे ते थोडेच ठरवा. माणसे विषय सोडून जे बोलतात, मध्येच खोकतात, वाक्य अर्धवट टाकून शेजारणीला हाक मारतात, तेच तुमच्या कामाचे असते. पार्क यांच्या प्राण्यांची गंमत पुष्कळशी त्या अडखळण्यातच आहे. तासाभराच्या ध्वनिमुद्रणातून चाळीस सेकंद निवडा. निवडण्याचे हे काम चित्रीकरणाइतकेच कठीण आहे, त्याला हवा तेवढा वेळ द्या.

मग दोनच बाहुल्या करा, कमरेच्या वरच्या. पाय नसले की सांगाड्याचा आणि तोल सांभाळण्याचा प्रश्न उरत नाही. आत साधी ॲल्युमिनियमची पिळलेली तार चालते, आणि बाजारात मिळणारी तेलकट माती पुरते. एका बाहुलीला बोलू द्या आणि दुसरीला फक्त ऐकू द्या.

---

पिंपळपार

चौकट यांच्या सूचनेत एवढीच भर घालतो की ऐकणाऱ्या बाहुलीवर जास्त मेहनत घ्या. बोलणाऱ्या बाहुलीच्या ओठांसाठी पाच-सहा आकार आधी घडवून ठेवले आणि ते बदलत राहिले तरी काम भागते. ऐकणारीची नजर केव्हा सरकते, ती मान केव्हा वळवते आणि केव्हा मुळीच हलत नाही, हे मात्र प्रत्येक वाक्यासाठी वेगळे ठरवावे लागते. ध्वनिफीत पुन्हा पुन्हा ऐकून हे कागदावर सेकंदांनुसार लिहून काढा, आणि ते लिहून झाल्याशिवाय मातीला हात लावू नका.

सेकंदाला बारा ठेवणी धरल्या तर चाळीस सेकंदांना ४८० ठेवणी होतात. रोज रात्री नोकरीवरून आल्यावर थोड्या थोड्या करायच्या म्हटल्या तर ते आवाक्यातले आहे. खोलीतला एक कोपरा कायमचा राखून ठेवा, दिवा आणि कॅमेरा जमिनीला चिकटपट्टीने पक्के करा, आणि खिडकीला जाड काळा कपडा लावा, कारण उन्हाचा एक कवडसा हलला तरी चौकटींमध्ये लुकलुक दिसते. मातीवर बोटांचे ठसे उमटतील, ते पुसत बसू नका. आर्डमनच्या चित्रपटांत ते उघड दिसतात आणि पार्क यांनी ते राहू दिले आहेत. ध्वनिमुद्रण झाले की त्यातले चाळीस सेकंद इथे ऐकवा, ऐकणाऱ्या बाहुलीचा कागद आपण सगळे मिळून तपासू.